घरातले जुने कागद विद्यापीठाच्या अभिलेखागारात देताना: आधी काय, नंतर काय आणि काय मुळीच नाही

पोटमाळ्यावरची ट्रंक खाली उतरते, आत आजोबांची पत्रं, आजीची हिशेबाची वही, कुठल्याशा संस्थेच्या सभांची इतिवृत्तं निघतात, आणि घरात कुणीतरी म्हणतं, "हे विद्यापीठाला देऊ या." इथपर्यंत सगळं उत्तम. पुढचे पंधरा दिवस घरचे सगळे मिळून कागद "नीट लावतात", आणि नेमकं तिथेच निम्मं नुकसान होतं. पाकिटं रद्दीत जातात, पत्रं आकारानुसार रचली जातात, फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लागते, "बिनमहत्त्वाच्या" पावत्या जाळल्या जातात.

आमच्या घरी हेच झालं. आईच्या माहेरची सुमारे दोनशे पत्रं होती. जागा वाचावी म्हणून आम्ही पाकिटं टाकून दिली. नंतर पाहिलं तर निम्म्याहून जास्त पत्रांवर तारखेच्या जागी फक्त "बुधवार" किंवा "रात्री ९" असं लिहिलेलं. साल पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यात होतं. ती पाकिटं परत मिळणार नाहीत.

म्हणून हा लेख. सगळ्यात आधी एकच गोष्ट पक्की करा: कागद आवरायचे नाहीत, आधी नोंदवायचे. कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी होता, तो कुणी ठेवला आणि का ठेवला, ही माहिती कागदाइतकीच मोलाची असते. अभिलेखागारात, म्हणजे जुने कागद जतन करून वाचकांना दाखवणाऱ्या विभागात, मूळ क्रम जपण्यावर एवढा भर असतो तो याच कारणाने. त्यामुळे खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

## टप्पा १: हात लावण्याआधी फोटो काढा

ट्रंक, कपाट, फडताळ जसं असेल तसं, झाकण उघडून वरून फोटो घ्या. मग एकेक थर उचलताना पुन्हा फोटो. मोबाइल पुरेसा आहे. प्रत्येक खोक्याला, पिशवीला, गठ्ठ्याला एक क्रमांक द्या आणि तो वेगळ्या कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून गठ्ठ्यात ठेवा. मूळ कागदावर शाईने काहीही लिहू नका. त्यावर पेन्सिलीने क्रमांक घालणंसुद्धा अभिलेखागारावर सोडा.

नाडीने बांधलेला गठ्ठा सोडावा लागला, तर आतला क्रम तसाच ठेवून पुन्हा बांधा. जुनं दप्तर रुमालात बांधलेलं असेल आणि रुमालावर काही लिहिलेलं असेल, तर तो रुमालही संग्रहाचा भाग आहे.

> सावधान: मोडीतले कागद वाचता येत नाहीत म्हणून वेगळे काढू नका, टाकू तर नकाच. ते ज्या मराठी किंवा इंग्रजी कागदांमध्ये सापडले त्यांच्यासोबतच राहू द्या. पुढे मोडी वाचणाऱ्याला शेजारच्या कागदावरूनच संदर्भ लागतो.

## टप्पा २: कागद कुणाचे, हे आधी सोडवा

हा टप्पा लोक शेवटी करतात आणि मग भावंडांमध्ये वाद होतो. इथे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत, ते एकमेकांत मिसळू नका.

कागदाची मालकी. आजोबा मृत्युपत्र न करता गेले असतील, तर त्यांचे कागद सगळ्या वारसांचे आहेत. ट्रंक तुमच्या घरात आहे एवढ्याने ती एकट्या तुमची होत नाही. सगळ्या वारसांचं लेखी ना हरकत पत्र घ्या. परदेशातल्या चुलतभावाचंसुद्धा. पुढे त्याने हरकत घेतली तर विद्यापीठाला तो संग्रह वाचकांसाठी बंद ठेवावा लागू शकतो.

मजकुराचा हक्क. याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. आजोबांना आलेली पत्रं वस्तू म्हणून तुमच्या घरची, पण त्यातल्या मजकुराचा लेखाधिकार (कॉपीराइट) पत्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा. आजोबांनी स्वतः लिहिलेल्या रोजनिशीचा हक्क तुम्ही वारस म्हणून देऊ शकता. त्यांना आलेल्या पत्रांचा नाही. भारतात लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या लेखनावर हा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो; त्याच्या पश्चात पहिल्यांदा प्रकाशित झालेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, फोटो काढून घेणारा असतो. बाकी फोटोंच्या बाबतीत साधारणपणे छायाचित्रकार. फोटोत कोण आहे यावर ते ठरत नाही.

सरकारी कागद. आजोबा सरकारी नोकरीत होते आणि घरात कार्यालयाच्या मूळ फायली निघाल्या, तर त्या घरच्या नव्हेत. केंद्र सरकारच्या कागदांना १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा लागू होतो. असे कागद गुपचूप संग्रहात घुसवू नका. ते वेगळे नोंदवा आणि विद्यापीठाच्या अभिलेखपालाला पहिल्याच भेटीत सांगा. नेमणुकीचं पत्र, बदलीचा आदेश, निवृत्तिवेतनाचे कागद, म्हणजे ज्या प्रती व्यक्तीला मिळालेल्या असतात, त्या मात्र खुशाल खासगी संग्रहात राहतात.

> परदेशस्थांसाठी: मूळ कागद अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या विद्यापीठाला द्यायचे मनात असेल तर थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय मोल असलेलं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित पुरावस्तू ठरतं, आणि ते खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. सामानात घालून नेणं हा गुन्हा आहे. मूळ इथल्या संस्थेला द्या, तिकडे स्कॅन द्या.

## टप्पा ३: विद्यापीठ निवडा, पण नावावरून नव्हे

"सगळ्यात मोठं ते सगळ्यात चांगलं" असं समजून लोक पत्र पाठवतात आणि नकार आला की खट्टू होतात. प्रत्येक अभिलेखागाराचं संकलनाचं क्षेत्र ठरलेलं असतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अभिलेखागारात होमी भाभा आणि संस्थेच्या घडणीशी संबंधित कागद आहेत. बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचं अभिलेखागार भारतातल्या विज्ञानाच्या अलीकडच्या इतिहासाचा संग्रह करतं. सोनीपतच्या अशोका विद्यापीठात समकालीन भारताच्या सार्वजनिक जीवनातल्या व्यक्तींचे खासगी कागद आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मराठेशाहीच्या इतिहासाचे कागद आहेत. केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्राकडे ब्रिटिश अमदानीत इथे राहिलेल्या कुटुंबांची पत्रं, आठवणी आणि घरगुती चित्रफिती आहेत.

तुमच्या आजी गिरणगावातल्या शाळेत शिक्षिका असतील, तर त्यांचे कागद वरच्यापैकी कुठेच चपखल बसणार नाहीत. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. शहरातल्या, जिल्ह्यातल्या, विषयाच्या जवळच्या विद्यापीठाचा किंवा त्याच्या एखाद्या विभागाचा विचार करा. कोल्हापूरकडचे कागद कोल्हापूरच्या जवळपास राहिले तर ते वाचायला येणारा माणूसही बहुधा तिकडचाच असेल.

पहिलं पत्र एका पानाचं लिहा: कुणाचे कागद, कोणत्या काळाचे, साधारण किती खोके, कोणत्या भाषा आणि लिप्या, सध्याची अवस्था काय, आणि तुमचं कागदांशी नातं काय. कौटुंबिक गौरवगाथा नको. सोबत टप्पा १ मधले चार फोटो.

उत्तर आलं की हे विचारा:

- वाचनकक्ष आहे का, आणि बाहेरच्या वाचकाला तिथे प्रवेश मिळतो का?
- यादी करायला कोण आहे? कायमस्वरूपी अभिलेखपाल की दोन वर्षांच्या प्रकल्पावरचा माणूस?
- पावसाळ्यात साठवणीच्या खोलीतल्या दमटपणाचं काय करतात?
- प्रकल्प बंद पडला तर संग्रह कुठे जातो?

शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचाराच. एका संस्थेने ओळखीच्यांकडून तीन खोके घेतले, प्रमुख निवृत्त झाले, आणि आता ते खोके कोणत्या खोलीत आहेत हे तिथे कुणीही सांगू शकत नाही. घरच्यांकडे साधी पोचपावतीही नाही.

> तपासा: लेखी होकार मिळेपर्यंत एकही मूळ कागद घराबाहेर जाऊ देऊ नका. "बघायला" म्हणूनसुद्धा नाही.

## टप्पा ४: यादी करा, गठ्ठ्यावार

सुरुवातीलाच एकेका कागदाची यादी करायला बसलात तर दुसऱ्या आठवड्यात दमाल. गठ्ठ्याची नोंद करा. अभिलेखांच्या वर्णनाचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात सहा बाबी अत्यावश्यक मानल्या आहेत, आणि घरच्या यादीलाही त्या पुरतात: क्रमांक, नाव, कुणी निर्माण केले, कोणत्या काळातले, किती आहेत, आणि ही नोंद सगळ्या संग्रहाची आहे, गठ्ठ्याची आहे की एका कागदाची.

नमुना असा:

*खोका २, गठ्ठा ५. पांढऱ्या नाडीने बांधलेली आंतर्देशीय पत्रं. थोरल्या बहिणीने धाकट्या भावाला लिहिलेली, मिरजेहून मुंबईस. १९६१ ते १९६८. ४३ पत्रं, पैकी ६ फाटकी. मराठी. सोबत एक लग्नपत्रिका आणि रेल्वेचं तिकीट. गठ्ठ्याची नोंद.*

"सोबत एक लग्नपत्रिका आणि रेल्वेचं तिकीट" हे वाक्य गाळू नका. ते तिकीट त्या गठ्ठ्यात कुणीतरी मुद्दाम ठेवलं होतं.

काय टाकायचं? माझं उत्तर: या टप्प्यावर काहीच नाही. किराणा मालाच्या याद्या, दूधवाल्याचा हिशेब, भिशीच्या चिठ्ठ्या, डॉक्टरांच्या पावत्या, वीजबिलं ही नावाजलेल्या माणसाच्या संग्रहात लोकांना कचरा वाटतात. चाळीतला संसार किती पैशांत चालत होता हे शोधणाऱ्याला त्याच हव्या असतात. अभिलेखपाल नंतर दुबार प्रती आणि छापील पुस्तकं वेगळी काढेल. ते काम त्याचं आहे.

### नावांची किल्ली

यादीइतकाच महत्त्वाचा असा एक वेगळा कागद हवा, आणि तो फक्त घरचाच माणूस करू शकतो. आपल्या पत्रांतून माणसं नात्याने आणि लाडनावाने वावरतात. "ती. अण्णांस शि. सा. नमस्कार", खाली सही "माई". दोन पिढ्यांत चार अण्णा आणि तीन माई असतात. परक्या वाचकाला यातून काहीही हाती लागत नाही.

बायकांच्या बाबतीत अडचण दुप्पट आहे. लग्नात नाव बदलायची पद्धत असलेल्या घरांत एकच बाई लग्नाआधीच्या पत्रांत एका नावाने, नंतरच्या पत्रांत दुसऱ्याच नावाने, फोटोमागे "सौ." लावून नवऱ्याच्या नावाने, आणि नातवंडांच्या वहीत "मोठी आई" म्हणून येते. तिला एकत्र जोडणारा धागा तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यातच आहे, आणि तो त्यांच्यासोबत जाणार आहे. म्हणून एक तक्ता करा: लाडनाव, माहेरचं पूर्ण नाव, सासरचं पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची साधारण सालं, कागद ज्यांचे आहेत त्यांच्याशी नातं. माहेरचं नाव आठवत नसेल तर रकाना कोरा ठेवा, अंदाज भरू नका.

## टप्पा ५: तारखा लावा, पण कागदावर नव्हे

तारीख नसलेल्या कागदाची तारीख काढायला घरच्या घरी बऱ्याच खुणा मिळतात. अंदाज यादीत लिहा, आणि कशावरून केला तेही लिहा.

पाकीट आणि शिक्का. पाकीट पत्रासोबतच ठेवा. तिकिटं कापून काढू नका. शिक्का पुसट असेल तर तिकिटाची किंमत पाहा: आण्यातली असेल तर तिकीट १ एप्रिल १९५७ पूर्वीच्या छपाईचं; "नये पैसे" असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचं. जुनी तिकिटं घरात पडून राहून नंतरही वापरली जात, हे लक्षात असू द्या.

पत्ता. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. सहा आकडी पिन असेल तर पत्र त्यानंतरचं नक्की. उलट मात्र खरं नाही: "मुंबई २८" किंवा "पुणे ३०" असं लिहायची सवय लोकांनी नंतरही कित्येक वर्षं सोडली नाही. पत्त्यात "मुंबई राज्य" असेल तर बहुधा १ मे १९६० पूर्वीचं.

शक आणि फसली. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं. म्हणून माघ-फाल्गुनातल्या, म्हणजे साधारण जानेवारी ते मार्चच्या तारखांना ७९ मिळवावे लागतात. शके १८८० चा फाल्गुन म्हणजे १९५९ साल. दख्खनी फसली सनात (महसुलाच्या कागदांत वापरलं जाणारं साल) ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात, कारण ते वर्ष जूनच्या सुमारास सुरू होतं. यादीत मूळ तारीख जशी आहे तशी लिहा आणि पुढे इसवी सन.

मायना. "सौ." असलेली बाई एका पत्रापासून "गं. भा." झाली, तर पतीच्या मृत्यूची वेळ ठरते आणि आजूबाजूच्या पाच-दहा पत्रांचा क्रम लागतो. "चि. सौ. कां." लिहिलेली लग्नपत्रिका बऱ्याचदा वर्ष नाही पण तिथी-वार देते; तिथी आणि वार दोन्ही जुळणारं वर्ष जुन्या पंचांगावरून सापडू शकतं.

एक गोष्ट इथेच सांगते. मृत्यूची बातमी आणणारं पत्र वाचून लगेच फाडून टाकायची पद्धत अनेक घरांत होती. म्हणून पत्रव्यवहारात एखाद्या मोठ्या घटनेपाशी नेमकी पोकळी दिसली तर "काही पत्रं गहाळ" एवढंच लिहून थांबू नका. घरातल्या मोठ्यांना विचारा. शुभकार्याच्या पत्राच्या कोपऱ्यावरचं हळदकुंकू डाग समजून पुसू नका.

## टप्पा ६: कागदाला आराम द्या, उपचार नको

या टप्प्यातल्या सगळ्या चुका प्रेमापोटी होतात.

ऊन नको. पावसाळ्यानंतर धान्य वाळवावं तसे कागद गच्चीत पसरणं ही सगळ्यात घातक सवय. उन्हाने शाई उडते आणि कागद ठिसूळ होतो. ओल आली असेल तर सावलीत, पंख्याच्या हवेत, टीपकागद किंवा कोरा पांढरा कागद खाली घालून वाळवा. खूप भिजलेले कागद दोन दिवसांत बुरशी धरतात, तेव्हा तिथे दिरंगाई नको.

चिकटपट्टी आणि लॅमिनेशन नको. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो. लॅमिनेशन उष्णतेने होतं आणि ते सहीसलामत काढणं जवळजवळ अशक्य असतं. फाटलेलं पान दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवा, बस.

टाचण्या, स्टेपल, रबरबँड. वितळून चिकटलेलं रबर ओरबाडू नका. सुटं रबर काढा आणि जागी पांढरी सुती नाडी बांधा. गंजलेली टाचणी सहज निघत असेल तर काढा. कागदात रुतली असेल तर यादीत नोंद करून राहू द्या.

डांबरगोळ्या आणि कडुनिंब. डांबरगोळ्यांनी बुरशी मरत नाही, आणि वाचणाऱ्याच्या छातीला त्रास होतो. पानांच्या मध्ये कडुनिंबाचा पाला घातला की त्याचे डाग उमटतात. कसर आणि वाळवीविरुद्ध खरा उपाय म्हणजे जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर, कोरडी, हवा खेळती जागा. जिवंत वाळवी दिसली तर तो खोका लगेच बाकीच्यांपासून दूर न्या.

गुंडाळायचं कापड. लाल किंवा पिवळं कापड भिजलं की रंग सोडतं. न रंगवलेलं मांजरपाट घ्या, आणि दोनदा धुऊन त्यातली खळ काढून टाका, कारण खळीवर किडे येतात.

फोटो. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. पानासकट स्कॅन होतात. एकमेकांना चिकटलेले फोटो पाण्यात भिजवून सोडवायचा घरगुती उपाय करू नका. निगेटिव्हना आंबूस, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर त्या बाकी सगळ्यांपासून वेगळ्या ठेवा आणि अभिलेखपालाला कळवा.

> सावधान: बुरशी लागलेले कागद मास्क आणि हातमोजे घालूनच हाताळा. दमेकरी माणसाने या कामाला बसू नये. साध्या, धडधाकट कागदांना मात्र स्वच्छ धुतलेले, कोरडे हात बरे; हातमोज्यांनी पान पकडता येत नाही आणि फाटतं.

## टप्पा ७: गोष्टी ध्वनिमुद्रित करा

कागद कपाटात वीस वर्षं थांबतील. माणसं थांबणार नाहीत. सगळे टप्पे क्रमाने करा असं मी म्हटलं, पण घरात ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर टप्पा १ झाला की थेट इथे या.

एका वेळी एक फोटो किंवा एक पत्र समोर ठेवा. "तुमच्या आठवणी सांगा" असं म्हटलं की म्हातारी माणसं पाठ झालेली चार वाक्यं सांगून गप्प होतात. "आत्या, हा फोटो काढला त्या दिवशी घरी काय चाललं होतं? ही मागे उभी कोण? हिच्या हातात काय आहे?" असं विचारलं की दार उघडतं. फोटोतल्या माणसांची नावं नेहमी डावीकडून उजवीकडे, ओळीवार घ्या.

मुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, ठिकाण, बोलणाऱ्याचं आणि विचारणाऱ्याचं नाव, आणि "हे विद्यापीठाच्या अभिलेखागारात ठेवायला तुमची संमती आहे ना?" हा प्रश्न आणि त्याचं उत्तर येऊ द्या. लेखी संमतीही घ्या. पंखा बंद, फोन विमान स्थितीत, खिडकी लावलेली. शक्य असेल तर वेव्ह (WAV) प्रकारच्या फाइलमध्ये ध्वनिमुद्रण करा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखं पाठवलं तर फाइल दाबली जाऊ शकते. पेन ड्राइव्हवर द्या.

मधेच दुरुस्त करू नका. मामाने साल चुकीचं सांगितलं, तर ते तसंच राहू द्या आणि यादीत तुमची टीप जोडा. मुद्रण कापून "छान" करू नका. मोठी शांतता, रडू, विषय टाळणं हेही त्यात राहू द्या. ते कुणाला ऐकू द्यायचं आणि कधी, हे करारात ठरवता येतं.

## टप्पा ८: स्कॅन

विद्यापीठ स्वतः स्कॅन करणार असेल तर घरी सगळं करत बसू नका. नातेवाइकांसाठी प्रत हवी असेल तर कागदांना ४००, छोट्या फोटोंना ६०० डीपीआय पुरे. दोन्ही बाजू, पाकिटासकट, समासासकट. पान-ओढणाऱ्या स्कॅनरमध्ये जुना कागद कधीही घालू नका. फाइलचं नाव यादीच्या क्रमांकावरून द्या: खोका, गठ्ठा, पान. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात.

आणि स्कॅन झालं म्हणून मूळ कागद टाकायचे नाहीत.

## टप्पा ९: दानपत्र

तोंडी "घ्या हो, तुमचंच आहे" यावर भागवू नका. जंगम वस्तूची देणगी प्रत्यक्ष हस्तांतराने पूर्ण होते, नोंदणी सक्तीची नाही; पण लेखी दानपत्राशिवाय पुढच्या पिढीला आणि पुढच्या अभिलेखपालाला कशाचाच थांग लागत नाही. त्यात एवढं असायलाच हवं:

1. देणगी की ठेव. देणगीत मालकी विद्यापीठाकडे जाते. ठेवीत ती तुमच्याकडे राहते, आणि अनेक अभिलेखागारं ठेव घेत नाहीत, कारण खर्च त्यांचा आणि कागद कधीही परत जाऊ शकतात. माझं मत देणगीच्या बाजूने आहे.
2. लेखाधिकार. जो तुमच्याकडे आहे तोच द्या, आणि मुदत व प्रदेश स्पष्ट लिहा. लेखाधिकार कायद्यानुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. या दोन ओळी राहिल्यामुळे पाच वर्षांनी संग्रह इंटरनेटवरून उतरवायची वेळ येऊ शकते.
3. निर्बंध. हयात माणसांचं आजारपण, कर्ज, भांडणं, जातीवरून झालेले अपमान, दत्तक प्रकरणं असे कागद असतील तर तेवढे ठरावीक सालापर्यंत बंद ठेवा. "कुटुंबाच्या परवानगीशिवाय कधीही उघडू नये" असं लिहू नका. तीस वर्षांनी कोणतं कुटुंब, कोण परवानगी देणार? "३१ डिसेंबर २०४५ पर्यंत बंद" असं लिहा.
4. नको असलेल्या कागदांचं काय. दुबार प्रती परत हव्यात, दुसऱ्या संस्थेला चालतील, की नष्ट केल्या तरी चालतील?
5. यादी परिशिष्ट म्हणून, प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या.

वाचकांनाही एक मुभा कायद्यानेच आहे: लोकांना खुल्या असलेल्या संस्थेतलं अप्रकाशित लेखन, लेखक माहीत असेल तर त्याच्या मृत्यूला ६० वर्षं उलटल्यावर, संशोधनासाठी किंवा प्रकाशनाच्या हेतूने उतरवून घेता येतं. तेव्हा करारात जगावेगळ्या अटी घालून फार काही साधत नाही.

> तपासा: सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का? विद्यापीठाच्या बाजूने सही करणाऱ्याला तसा अधिकार आहे का? बहुतेक ठिकाणी तो कुलसचिवांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीकडे असतो. विभागातल्या ओळखीच्या प्राध्यापकांची सही पुरत नाही.

## टप्पा १०: बांधणी आणि पोहोच

जाड पुठ्ठ्याचे मध्यम खोके घ्या, एकाचं वजन दहा-बारा किलोच्या आत. मूळ गठ्ठे जसेच्या तसे, क्रमांकाच्या चिठ्ठ्यांसह. आडवे रचा, ठासून भरू नका. रिकाम्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे घालू नका, कोरा कागद घाला. प्रत्येक खोक्यात त्याच्यापुरत्या यादीची प्रत वरच ठेवा. पावसाळ्यात नेऊ नका, दिवाळीनंतर न्या. कुरिअर टाळा. स्वतः घेऊन जा, आणि खोके उतरले की तिथेच यादीशी ताडून पोचपावती घ्या.

काही आठवड्यांत विद्यापीठाकडून दाखल क्रमांक, म्हणजे त्यांच्या नोंदवहीतला तुमच्या संग्रहाचा क्रमांक, मिळायला हवा. तो मिळाला नाही तर लेखी विचारा. त्यानंतर संग्रह वाचकांसाठी खुला व्हायला एक-दोन वर्षं सहज लागतात, तेव्हा दर महिन्याला फोन करून काही होत नाही. सहा महिन्यांनी एकदा चौकशी करा. कॅटलॉग तयार झाला की त्यातली नावं तुमच्या नावांच्या किल्लीशी ताडून पाहा आणि चुका लेखी कळवा, कारण बाईच्या माहेरच्या आणि सासरच्या नावांच्या दोन वेगळ्या व्यक्ती झालेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

दाखल क्रमांक, दानपत्र आणि यादीची प्रत घरातल्या निदान दोघांकडे असू द्या. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत फडताळामागे आणखी एक वही सापडेल. ती त्याच क्रमांकाचा उल्लेख करून पाठवा, आणि ती नेमकी कुठे सापडली हेही लिहा.